‘छान’ न म्हणणारे ड्रॉइंगचे सर: तीन महिने पैसे भरून घेतलेल्या फीडबॅकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव-पत्ता देणार नाहीये. एक तर सरांनाच नकोय, आणि दुसरं म्हणजे बॅच आठ जणांची असते आणि पुढच्या बॅचमध्ये मला माझी जागा हवीये, इतकं साधं आहे. कोथरूडात आहे, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही, एवढ्यावर ज्याला शोधायचंय तो शोधेल.

सर शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेत. क्लासचा प्रकार असा की महिन्यातून एका रविवारी दोन तास प्रत्यक्ष बसायचं आणि बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. दर आठवड्याला एक पान काढायचं, गुरुवारी रात्रीपर्यंत फोटो पाठवायचा, शनिवारपर्यंत सर त्या फोटोवर लाल रेघा मारून परत पाठवतात आणि सोबत एक व्हॉइस नोट, तीन-चार मिनिटांची. तीन महिन्यांची बारा पानं, फी ३६०० रुपये, म्हणजे पानाला ३०० पडले. नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं की रेघा मारायला तीनशे रुपये? मलाही सुरुवातीला तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझी बॅकग्राउंड म्हणाल तर शून्य. शाळेत एलिमेंटरीला बसले होते, सी ग्रेड. वस्तुचित्राच्या पेपरला समोर काय ठेवलं होतं तेही आता आठवत नाही, फक्त खोडून खोडून कागदाला पडलेलं भोक आठवतं. सी का आला ते तेव्हा कळलं नाही, म्हणजे परीक्षेचं काम ग्रेड द्यायचं, त्यात तक्रार नाही, पण मग इंटरमिजिएटला बसलेच नाही आणि ‘आपल्याला येत नाही’ हे तीस वर्षं डोक्यात पक्कं बसलं. मधे लॉकडाऊनमध्ये एका ॲपवर कोर्स घेतला होता, तिथे काहीही अपलोड केलं की लगेच टाळ्या वाजवणारं स्टिकर यायचं. एकदा मुद्दाम पोराने गिरवलेलं पान टाकलं, त्यालाही टाळ्या. तिथेच सोडून दिलं.

तर सर. पहिल्या आठवड्याचं होमवर्क म्हणजे एक ए-फोर कागद, दोन ठिपके द्यायचे आणि ते जोडायचे, बस्स. पेन साधं चालेल, पेन्सिल नाही आणि खोडरबर घरीच ठेवायचा. का, तर खोडलं की चूक नाहीशी होते आणि मग मी बघू काय, असं सर म्हणाले. डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून जायचं नाही, तसं. मी उत्साहात तीन पानं भरली, त्यातलं बरं दिसणारं एक पाठवलं. शनिवारी रात्री अकराला (हो, अकरालाच, आणि मागे टीव्हीचा आवाज) व्हॉइस नोट आली. पहिलं वाक्य असं होतं: “ताई, हे पान तुम्ही सोफ्यावर बसून मांडीवर ठेवून काढलंय ना?”

मी उडालेच. काढलं होतं ना खरंच! मग पुढे समजावलं की तुमच्या आडव्या रेघा सगळ्या मधे फुगल्यात, धनुष्यासारख्या, आणि सगळ्या एकाच बाजूला फुगल्यात, म्हणजे कोपर एका जागी टेकलेलं आहे आणि हात त्याच्याभोवती काट्यासारखा फिरतोय. कोपर टेकवून काढलेली लांब रेघ वळणारच, त्यात तुमचा दोष नाही, कंपासने सरळ रेघ येईल का? टेबलावर बसा, कोपर उचला, खांद्यातून हात हलवा, आधी पेन न टेकवता दोन-तीनदा हवेत फिरवून बघा आणि मग एकदाच मारा. बाकी या पानात आणखी पाच गोष्टी आहेत पण त्या आज सांगणार नाही.

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं. पैसे भरलेत तर सगळं सांगा ना! पण ही त्यांची पद्धतच आहे, एका आठवड्याला एकच दुरुस्ती. आणि आता बारा पानं झाल्यावर म्हणते की तेच बरोबर आहे, कारण पाच सांगितल्या असत्या तर मी एकही केली नसती.

दुसऱ्या पानाला खांद्यातून काढायला गेले तर रेघ सरळ आली पण ठिपक्याच्या पार बाहेर. हे पान पाठवू की नको असं झालं होतं. सर म्हणाले ठिपका चुकलेली सरळ रेघ चालेल, ठिपक्यापर्यंत घाबरत घाबरत सरपटत गेलेली चालणार नाही. नेम नंतर बसतो. थरथर मात्र अशी जात नाही, कारण थरथरणारी माणसं मधे मधे डोळ्याने तपासत काढतात आणि प्रत्येक तपासणीला हात अडखळतो. आणि मग ते वाक्य आलं ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. म्हणाले, “वरून चौथी रेघ बघा. ती कशी काढली, आठवतंय का?”

आता बघा, ‘छान’ नाही, ‘गुड’ नाही, अंगठा नाही. चौथी रेघ बघा. मी पान काढून बघितलं तर खरंच ती एकच रेघ ताणलेल्या दोरीसारखी होती, आणि मला आठवलंही, की तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि मी गॅस बंद करायला उठायच्या घाईत फटकन मारली होती. तसं कळवलं तर उत्तर आलं, “मग रोज कुकर लावून बसा.” माणूस तसा गमत्या आहे, फक्त कळायला वेळ लागतो.

दुसरी एक गोष्ट सांगते ती जे कोणी फोटोवर फीडबॅक घेतात त्या सगळ्यांना उपयोगी आहे, क्लास कुठलाही असो. लंबवर्तुळांचा आठवडा होता. दोन समांतर रेघांच्या मधे बसतील अशी ओळीने लंबवर्तुळं काढायची, वर-खाली दोन्ही रेघांना टेकली पाहिजेत, एकमेकांना चिकटली पाहिजेत. मी फोटो पाठवला तर सर म्हणे हा दोष हाताचा आहे की फोनचा ते मला कळत नाहीये, कारण फोन तिरका धरला की वर्तुळाचंही लंबवर्तुळ दिसतं. मग उपाय काय, तर पानाच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचा. नाणं गोल दिसलं तर फोटो सरळ, नाणं चपटं दिसलं तर परत काढा. किती सोपं! तेव्हापासून माझ्या सगळ्या फोटोत कोपऱ्यात रुपया आहे, गॅलरी बघणाऱ्याला वाटेल कसला तरी नवस आहे.

फोटो सरळ आल्यावर मग दोष कळला, हाताचाच होता. माझ्या लंबवर्तुळांना दोन्ही बाजूंना टोकं होती, आंब्याच्या कोयीसारखी. मला ती दिसतच नव्हती हो! मी म्हटलं, सर गोलच आहेत की. तर त्यांनी वाद घातला नाही, म्हणाले पातळ कागदावर एक मोठं काढा, लांबीच्या बरोबर मधोमध घडी घाला आणि खिडकीशी धरा. वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर बसला पाहिजे, मग उभी घडी घाला, डावा उजव्यावर बसला पाहिजे. धरलं खिडकीशी. बसायचं नावच नाही, एक बाजू पोट सुटलेली आणि दुसरी सपाट, टोकाला तर चक्क कोपरा. पाच मिनिटांत मला माझी चूक माझ्या डोळ्यांनी दिसली आणि सरांनी एकही लाल रेघ मारलेली नव्हती. मला वाटतं तीनशे रुपये खरे इथे वसूल होतात, म्हणजे चूक सांगतात त्याचे कमी आणि चूक पकडायचं साधन हातात देतात त्याचे जास्त.

खोक्यांचंही तसंच. खोके काढायचे, साधे, चहाच्या पेटीसारखे, वेगवेगळ्या कोनांतून, पानावर दहा. माझी भाची बंगळुरूला असते, डिझाइन करते, ती म्हणाली मावशी हे तर ड्रॉअबॉक्ससारखं आहे. बघितलं, खरंच ड्रॉअबॉक्स नावाची साइट आहे, धडे फुकट आहेत, इंग्रजीत, तिथे पण आधी रेघा, मग लंबवर्तुळं, मग खोके, आणि खोक्यांचं तर अडीचशेचं चॅलेंज आहे! अडीचशे! शिवाय ते म्हणतात की ड्रॉइंगला जेवढा वेळ देता त्यातला अर्धा मजेसाठी काढा, नुसता सराव करून कंटाळून मरू नका. हे मला फार पटलं, सरांना सांगितलं तर म्हणाले बरोबर बोलतायत, पण मजेचं मला पाठवू नका, ते तुमचं. ज्यांना इंग्रजी झेपतं आणि स्वतःला धरून बसवता येतं त्यांनी तिथेच जावं, पैसे वाचवावेत. मला बसवायला कोणीतरी माणूस लागतो, आणि ‘रेघ पळतेय’, ‘खोकं तोंड वासतंय’ अशा भाषेत सांगणारा असला तर बरंच.

खोकं तोंड वासतंय म्हणजे काय, तर खोक्याच्या ज्या कडा आपल्यापासून लांब जातात त्या जाताना एकमेकींच्या जवळ यायला हव्यात, रेल्वेच्या रुळांसारख्या. माझ्या लांब जाता जाता फाकत होत्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी. दहापैकी सात खोके असे. सरांनी इथेही स्वतः रेघा मारल्या नाहीत, म्हणाले मुलाचे रंगीत पेन घ्या, एका दिशेच्या चार कडांना एक रंग, अशा तिन्ही दिशा, आणि प्रत्येक कड मागे लांबवर न्या, मग मला सांगा कुठली भांडतेय. निम्म्या खोक्यांत एकच कड भांडत होती, मागच्या कोपऱ्यातली, जी खऱ्या खोक्यात दिसत नाही आणि आपण अंदाजाने काढतो. बाकीच्या तीन बऱ्यापैकी एकमेकींकडे जात होत्या आणि चौथी कुठेतरी सांगलीला.

आता तांब्या. नवव्या आठवड्याला पहिल्यांदा खरी वस्तू. घरातली कुठलीही गोल वस्तू समोर ठेवा म्हणाले, मी देवघरातला तांब्या ठेवला, दोन संध्याकाळी बसून काढला आणि खरं सांगते, मला तो भारी वाटत होता. घरच्यांना दाखवला. नवरा म्हणाला मस्त, मान वर न करता. मुलगा म्हणाला चॅट जीपीटीला दे, नीट करून देईल. आणि सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, “अगं, हा ठेवलास तर लवंडेल.”

मला राग आला, उगाच का सांगू. काही बोलले नाही, फोटो पाठवला (रुपयासकट). शनिवारी व्हॉइस नोट. “ताई, तांब्या पडतोय.”

म्हणजे दोन चुका होत्या आणि सासूबाईंना त्या एका वाक्यात दिसल्या होत्या. एक, तांब्याच्या मधून उभी रेघ काढलीच नव्हती आणि गळा एका बाजूला सरकला होता. दुसरी, आणि ही म्हणे शंभरातले नव्वद जण करतात असं सर म्हणाले, तोंड मी लंबवर्तुळ काढलं पण बूड सरळ आडव्या रेघेने बंद केलं. कारण डोक्याला माहीत असतं की तांब्या सपाट ओट्यावर ठेवलाय, मग बूड सपाट. पण वरून तोंडाच्या आत दिसतंय म्हणजे डोळा तोंडापेक्षा वर आहे, आणि बूड तर त्याहून खाली, म्हणजे ते तोंडापेक्षा जास्तच उघडं दिसलं पाहिजे. मला हे ऐकून कळलं नाही. तीनदा ऐकूनही नाही. मग सरांनी सांगितलं, स्टीलच्या पेल्याला तीन रबरबँड लावा, वर, मधे, खाली, पेला टेबलावर ठेवा आणि आधी उभं राहून बघा, मग बसून बघा, मग वाकून असं बघा की डोळा मधल्या रबराच्या रेषेत येईल.

हा प्रयोग करून बघाच. उभं राहिलं की तिन्ही रबर अर्ध्या लंबवर्तुळांसारखी दिसतात आणि खालचं सगळ्यात फुगलेलं. हळूहळू खाली वाकत गेलं की ती चपटी होत जातात, आणि डोळा मधल्या रबरापाशी आला की ते चक्क सरळ रेघ होतं, वरचं रबर उलटीकडे वळतं आणि खालचं होतं तसंच खाली पोट काढून. मी किचनमध्ये पेल्यापुढे उठाबशा काढत होते आणि कामाच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनाही दाखवलं. त्या म्हणाल्या अहो ताई हे तर रोजच दिसतंय की. दिसतंय हो, पण काढताना कुठे जातं?

सासूबाईंचं सरांना सांगितलं तर म्हणाले दर आठवड्याला आधी त्यांना दाखवत जा, मग मला. आणि माझ्याकडून फी परत मागू नका. आता खरंच दाखवते. त्यांना चित्रकलेतलं काही माहीत नाही, पण ‘हे पुढे आलंय का मागे गेलंय ते कळत नाही’ असं काहीतरी बोलतात आणि ते नेमकं असतं.

शेडिंगचे दोन आठवडे मला तितके आवडले नाहीत, घाईत उरकल्यासारखे वाटले. आधी सहा चौकोनांची पट्टी, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. मी एचबी पेन्सिल दाबून दाबून काळं करायला गेले तर सर म्हणाले काळं नाही झालं, कागद चमकायला लागलाय, टूबी-सिक्सबी अशा मऊ, गडद पेन्सिली आणा. अप्पा बळवंत चौकात जाऊन आणल्या, येताना बाकी पण बरंच आणलं, ते नवऱ्याला माहीत नाहीये. मग पेल्याचं शेडिंग पाठवलं तर पहिलाच प्रश्न, “ट्यूब आणि खिडकी दोन्ही चालू होतं का?” दोन सावल्या काढल्या होत्या मी, वेगवेगळ्या दिशांना, आणि मला वाटत होतं की मी फार बारकाईने बघितलंय. बघितलं होतंही म्हणा, चुकीचं नव्हतं, पण शिकताना एकच दिवा ठेवा म्हणाले. इथे मात्र आणखी एक-दोन पानं हवी होती असं माझं मत आहे. आठ आठवडे रेघा-गोल-खोके आणि छायाप्रकाश दोन आठवड्यांत, हे काही बरोबर नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल नातेवाईक आहे. फी आधी आणि तीही कॅशच, सरांना यूपीआय नको असतं, का ते विचारायची कोणाची हिंमत नाही. व्हॉइस नोट शनिवारपर्यंत म्हणतात पण दोनदा सोमवार उजाडला, आणि तोवर पुढच्या पानाचे चार दिवस गेलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून येतो त्यामुळे बारीक रेघांवरचं लाल पेन कुठे सुरू होतं तेच दिसत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं तीनदा सांगून पाहिलं, जमलं नाही. एकदा तर मला भलत्याच कोणाच्या पानाचा फीडबॅक आला, ‘तुमची लंबवर्तुळं आता सुधारली आहेत’ असं ऐकून मी दिवसभर खूश, आणि संध्याकाळी मेसेज की ते तुमचं नव्हतं. हे जरा लागलं. आणि कौतुकाच्या बाबतीत हात फारच आखडता, बॅचमधली एक मुलगी पाचव्या आठवड्याला गळाली ती याच कारणाने, मला म्हणाली दिवसभर ऑफिसात बॉसचं ऐकायचं आणि शनिवारी रात्री यांचं. मला तिचंही पटतं. ज्याला आत्ता आधी थोडा धीर हवाय त्याने इथे येऊ नये, सर मुद्दाम दुखवत नाहीत पण मलमही लावत नाहीत.

मुलांना एलिमेंटरीच्या तयारीसाठी घालायचं असेल तर हा क्लास त्यासाठी नाही, संकल्पचित्र, अक्षरलेखन वगैरे इथे काही होत नाही, सर मोठ्या माणसांनाच घेतात. आयपॅडवर काढणाऱ्यांनाही पहिले तीन महिने कागदच. अन्डू नसलेला, असं आमच्या बॅचमधला आयटीवाला म्हणतो.

शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्यांना पहिलं पान आणि बारावं पान शेजारी ठेवायला लावलं आणि स्वतः काहीच बोलले नाहीत, आम्हालाच म्हणाले शेजारच्याच्या पानाबद्दल एक गोष्ट सांगा, एकच, आणि ‘छान’ म्हणायचं नाही. आम्ही सगळे गप्प. किती अवघड आहे ते तेव्हा कळलं! माझ्या शेजारी एक रिटायर्ड बँकवाले काका होते, त्यांच्या पानाकडे मी पाच मिनिटं बघत बसले, ‘छान’ सोडून तोंडात काही येईचना. मग दिसलं की त्यांची किटली चांगली आहे पण तोच-तोच भाग दोन-तीनदा गिरवल्यामुळे कड केसाळ झालीये, आणि तोटीची एकच रेघ एका झटक्यात आलीये. मी म्हटलं काका, तोटी बघा, ती कशी काढली आठवतंय का?

काका म्हणाले, आठवतंय, बायकोने जेवायला हाक मारली होती.

पाचपैकी चार स्टार. एक त्या चुकून आलेल्या फीडबॅकचा कापला. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे कालच देऊन आले, कॅश, तीन जिने चढून.